लखनौचं ड्रम घराणं

लखनौत तबल्याचं घराणं आहे, कथ्थकचं घराणं आहे, ठुमरीबद्दल तर बोलायलाच नको. ड्रमसेटचं घराणं मात्र नाही. १९८० च्या दशकात ते काढण्याचा एक प्रयत्न झाला होता. संगीताच्या इतिहासात त्याची नोंद नाही, कारण नोंद ठेवायचं काम आम्ही एका टू-इन-वनवर सोपवलं होतं. त्या कॅसेटी मध्यंतरी पुण्यात भाच्याने संगणकावर चढवल्या आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत माझी लय हा चर्चेचा विषय झाला आहे. कुणी म्हणतं वाढते, कुणी म्हणतं पळते. मेव्हणा विचारतो, मागे कोण लागलं होतं? म्हणून ही कैफियत.

लखनौच्या मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. चार लोकांत आपलं सांस्कृतिक वजन दाखवायची वेळ आली की तो कैसरबागेकडे बोट दाखवतो. मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले एक वकील, पंडित विष्णु नारायण भातखंडे, वकिली सोडून गाण्याच्या मागे लागतात, देशभर चिजा गोळा करतात आणि १९२६ साली राय उमानाथ बली वगैरे इथल्या रसिकांना हाताशी धरून लखनौत संगीताचं कॉलेज उभं करतात. नाव मिळतं तेव्हाच्या गव्हर्नरांचं, मॅरिस कॉलेज. पुढे त्याला जागा मिळते परीखान्याची, जिथे वाजिद अली शाहच्या पऱ्यांची तालीम चालायची. प्राचार्य म्हणून येतात श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, तेही मुंबईचेच. म्हणजे नवाबाच्या घरात, इंग्रजाच्या नावाने, मराठी माणसाची शाळा. आमच्याकडे महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला की इमामबाड्याच्या आधी त्याला ही इमारत बाहेरून दाखवली जायची. पाहुण्याला भूलभुलैया बघायची घाई असायची.

या वारशाचा त्रास घरातल्या मुलांना व्हायचा. आमच्या आजीने बालगंधर्वांची नाटकं पाहिली होती आणि गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवाँ असत, हे ती आम्हाला जेवताना सांगायची, झोपताना सांगायची. खाँसाहेब उतारवयात लखनौच्या त्याच मॅरिस, म्हणजे पुढच्या भातखंडे कॉलेजात शिकवत होते आणि १९७६ च्या जानेवारीत लखनौतच वारले. आजीचा हिशेब सरळ होता. मुरादाबादचा मुलगा महाराष्ट्रात येऊन एवढा मोठा झाला, तर महाराष्ट्राच्या मुलाने लखनौत येऊन निदान त्याच्या निम्मं तरी व्हावं. या अदलाबदलीत लखनौचं नुकसान झालं.

मला तबल्याला बसवण्यात आलं. लखनौचा बाज खुला, पूर्ण पंजाचा. कथ्थकच्या पायांना तोंड द्यायचं तर बोटांच्या टोकांवर भागत नाही, म्हणून या तबल्यात पखावजाचं वजन आलं असं जाणकार सांगतात. मला हे वजन पहिल्या दिवसापासून जमलं. उस्तादजी फार सज्जन होते. ते वडिलांना म्हणाले, "साहब, बच्चे का हाथ माशाअल्लाह बहुत खुला है. इतना खुला कि इस कमरे में नहीं समाता." बाबांनी ही स्तुती समजून घरी पेढे आणले. आई लखनौत बाबांपेक्षा जास्त बाजारहाट करायची, त्यामुळे तिला या गावची भाषा कळत होती. ती म्हणाली, "अहो, पेढे झाकून ठेवा. त्यांनी पोराला काढून टाकलंय."

ड्रमसेट आला तो असा वाट मोकळी झाल्यावर. उत्तर भारतात बँडबाजाचं गाव म्हणजे मेरठ. तिथल्या जली कोठी भागात तुताऱ्या, ट्रम्पेट, ढोल, सगळं बनतं. नादिर अली अँड कंपनी तिथे १८८५ पासून आहे. माझा सेट मात्र नवा नव्हता. वरातीच्या एका बँडने तो वापरला होता, मग एका हॉटेलच्या बँडने, मग बहुधा कुणीच नाही. बेस ड्रमवर एका नवरदेवाचं आद्याक्षर आणि बाण लागलेलं बदाम रंगवलेलं होतं. ते खरवडलं तर लाकूडही येत होतं, म्हणून राहू दिलं. पुढची सगळी वर्षं मी त्या अनोळखी गृहस्थाच्या लग्नाची जाहिरात करत वाजवलं.

सिंबल हा दुःखाचा भाग. खरी सिंबल कांशाची असते, ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के कथील. इस्तंबूलच्या झिल्जियन घराण्याने १६२३ पासून त्या मिश्रणावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं. माझ्या सिंबल पितळेच्या होत्या, मुरादाबादी. त्या वाजल्या की स्वयंपाकघरात ताट पडल्यासारखा आवाज यायचा आणि आई न बघता ओरडायची, "कोण आहे रे तिकडे?" मुरादाबादने थिरकवाँसाहेब देऊन आपलं कर्तव्य केलं होतं, सिंबलही चांगल्या हव्यात म्हणणं हावरटपणा झाला.

बाबा मानकनगरला आरडीएसओत होते. रेल्वेचा नवा डबा रुळावर धावताना किती हलतो, किती हलला तर चालेल, याच्या तिथे चाचण्या होतात. कंपन या विषयात त्यांचं मत अधिकृत होतं. मी बेस ड्रमचं पेडल मारलं की दिवाणखान्यातल्या शोकेसमधल्या बश्या कशा सरकतात, ते त्यांनी पट्टी लावून मोजलं आणि निकाल दिला की हे वाहन प्रवासी वाहतुकीस योग्य नाही. तोडगा म्हणून बेस ड्रमच्या आत रजई कोंबायची ठरली. जगभर असंच करतात, उशी नाहीतर घोंगडी घालतात. पण जगभरच्या लोकांनी आईची नवी रजई घेतली नसेल, आणि लखनौच्या जानेवारीत तर नक्कीच नाही. दर हिवाळ्यात रजई बाहेर यायची आणि माझा आवाज खुलायचा. म्हणून माझी सगळी उत्तम कामगिरी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातली आहे.

पहिला बँड म्हणजे मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा. त्याचे नियम सर्वांना माहीत आहेत: गायक ज्याचे वडील वर्गणी जास्त देतात तो, आणि ड्रमर ज्याच्याकडे ड्रम आहे तो. तिथे मला एक मोठं ज्ञान झालं. ड्रमरला आपला बँड फक्त मागून दिसतो. पुढे पंधरा वर्षं ज्यांच्याबरोबर वाजवलं, त्यांचे चेहरे मला आज चटकन आठवत नाहीत, माना ओळखतो. गायकाची मान वरच्या पट्टीत लाल होते. गिटारवाल्याची मान चुकल्यावर माझ्याकडे वळते. प्रेक्षकांना वाटतं, चुकलं ते मागे. जगातल्या प्रत्येक बँडमध्ये गिटारवाले हेच करत आले आहेत, आणि ड्रमर हात मोकळे नसल्यामुळे काही करू शकत नाही.

दुसरा बँड कॉलेजातला, रॉक वाजवणारा. नाव ठरवण्यात एक अख्खा पावसाळा गेला. मग पोस्टर छापणाऱ्याने ते चुकीचं छापलं आणि चुकीचंच बरं वाटलं म्हणून तेच ठेवलं. आमचा गायक इतिहासाचा विद्यार्थी होता. दर कार्यक्रमाआधी तो माइकवर एक व्याख्यान द्यायचा. १४ ऑक्टोबर १९४० रोजी याच लखनौत हॅरी वेब नावाचा मुलगा जन्मला, १९४८ मध्ये आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेला, क्लिफ रिचर्ड झाला आणि १९५८ साली त्याने 'मूव्ह इट' गायलं, तेव्हा बीटल्सच्या पहिल्या रेकॉर्डला अजून चार वर्षं होती. तेव्हा सज्जनहो, रॉकचा उगम लिव्हरपूल नसून लखनौ आहे. यातली शेवटची ओळ सोडली तर सगळं खरं आहे. टाळ्या व्याख्यानाला पडायच्या. मग आम्ही वाजवायला लागायचो.

वाजवायला लागणं हाही प्रकार होता. ड्रमरने काठ्या एकमेकींवर आपटून चार मोजायचे आणि सगळ्यांनी एकदम उठायचं, अशी पद्धत आहे. मी चार मोजले की गिटारवाला कीबोर्डवाल्याला मानेने इशारा करायचा, आपण घ्या. कीबोर्डवाला बेसवाल्याला. 'पहले आप'चा विनोद आता इतका जुना झाला आहे की लखनौत तो फक्त पर्यटकांना सांगतात. पण आम्ही तो चार मात्रांत बसवून वाजवला आहे. मी पुन्हा चार मोजायचो, जरा रागाने. रागाने मोजलेले चार शांतपणे मोजलेल्या चारपेक्षा लवकर संपतात. माझ्या लयीवर बोलणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तिसरा टप्पा गझलेचा. त्या काळात घरोघर गझलेच्या कॅसेटी वाजत होत्या आणि आमच्या गायकाने रात्रीत केस मागे वळवून शाल घेतली. गझलेत ड्रमला काय काम, हा प्रश्न त्याला पडला नाही, कारण सामान न्यायला माझाच टेम्पो असायचा. मी काठ्यांऐवजी तारांचे ब्रश घेऊन बसलो. जुन्या लखनौत एका हवेलीत मैफल होती. यजमानीणबाईंनी, वय ऐंशीच्या पुढे, मला तीन टॉम, स्टँड आणि नवरदेवाच्या बदामासकट चांदणीवर मांडताना शांतपणे पाहिलं. मग विचारलं, "मियाँ, ये साज़ है या सामान?" त्या रात्री मी फक्त हाय-हॅट वाजवला, तोही बंद. माझ्या कारकिर्दीतलं हे सर्वांत अचूक परीक्षण. पुढे एकाही समीक्षकाला इतक्या कमी शब्दांत ते जमलं नाही.

टेम्पोचा उल्लेख आला आहे तर तेही सांगून टाकतो. तेव्हा लखनौत टेम्पो म्हणजे विक्रम, तीन चाकांचा, इथल्याच स्कूटर्स इंडियाच्या कारखान्यातला. त्यात पाच ड्रम, तीन स्टँड आणि मी असे बसायचो. पाय बहुधा बाहेर. सहालग सुरू झाली, म्हणजे आपल्याकडची लगीनसराई, की टेम्पोवाले थांबण्याचे वेगळे पैसे लावायचे आणि ते माझ्या बिदागीतून जायचे. मांडवाबाहेर तो हॉर्न वाजवत उभा आहे, आत गायकाने तिसरं कडवं काढलं आहे. अशा वेळी कुठल्या ड्रमरची लय स्थिर राहील? बाकीचे सगळे आपलं वाद्य पाठीला अडकवून सायकलने जायचे. कलेवर अर्थकारणाचा परिणाम या विषयावर मोठमोठे ग्रंथ आहेत. कुणी विक्रमवर लिहिलेलं नाही.

शेवटी जागरणाच्या पार्ट्या. रात्रभर देवीचं जागरण, पहाटे चहा आणि हलवा. तिथे आमचा अंत झाला. १९८५ मध्ये रोलंड कंपनीने ऑक्टोपॅड काढला होता, आठ रबरी चौकोनांचा. तो आमच्या गल्लीपर्यंत यायला थोडा वेळ लागला, पण आला. एक सडपातळ मुलगा स्कूटरवर, पायांशी पॅड ठेवून यायचा. दोन वायरी जोडल्या की त्या चौकोनांतून ढोलक, तबला, काच फुटल्याचा आवाज आणि माझ्या ड्रमपेक्षा बरा ड्रम निघायचा. आवाज कमी करायला त्याला बटण होतं. मला ते नव्हतं, हीच सगळ्यांची माझ्याविरुद्ध मूळ तक्रार होती.

आता रेकॉर्डिंगकडे वळू. हौशी रेकॉर्डिंगचं एक शास्त्र आहे आणि ते संगीताच्या विरोधात आहे. टू-इन-वनमध्ये एकच माइक, तोही बटणांच्या शेजारी. आम्ही तो स्टुलावर ठेवून भोवती बसायचो. आवाज मोठा आला की यंत्र आपोआप पातळी खाली ओढतं, शांतता झाली की वर नेतं. उद्देश चांगला आहे, भाषण टिपायला उपयोगी. पण बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला ते दचकून सगळंच खाली ओढायचं, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये गायक हळूहळू वर यायचा. भाच्याने कानाला लावून विचारलं, "मामा, हे काका उठाबशा काढत गात होते का?" उलट गाणं संपल्यावर, ड्रम थांबल्यावर, ते यंत्र आनंदाने पातळी वाढवत न्यायचं. म्हणून आमच्या कॅसेटींवर सर्वांत स्पष्ट काय ऐकू येतं, तर कुकरच्या शिट्ट्या, कानपूरकडे जाणारी गाडी आणि आईचं "संपलं का रे तुमचं?" त्या काळच्या मानकनगरचा इतका विश्वासू ध्वनिदस्तऐवज दुसरा नसेल.

वीज जायची. गेली की टू-इन-वन सेलवर. सेल उतरत आले की मोटर मंदावते. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. ती हळू सरकली आणि मग पूर्ण विजेवर ऐकली, तर सगळं जलद वाजतं. इथे माझी बाजू शास्त्राने पक्की होते, असं मला वाटत होतं. एका दिवाळीत मी हे सर्वांना समजावून सांगितलं. दुर्दैवाने काका पेटी वाजवतात. ते म्हणाले, फीत जलद वाजली तर सूरही चढायला हवा. पेटी काढली, सूर धरला. गायक पहिल्या कडव्यात काळी एक आणि शेवटच्या कडव्यातही काळी एक. पेटी जुनी आहे, हवा धरत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

कॅसेटी नव्या आणायला पैसे नसायचे. घरातल्याच घ्यायच्या. पाठीमागची खाच मोडलेली असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे ज्ञान आम्हाला कुणी दिलं कोण जाणे. आजच्या पिढीला त्यातला थरार कळणार नाही. बाबांच्या चुलतभावाने पुण्याच्या गणेशोत्सवातली भीमसेन जोशींची संतवाणी भरून पाठवली होती. तिच्यावर आमचे तीन हिंदी, दोन इंग्रजी नंबर चढले. आमचं शेवटचं गाणं जिथे संपतं, म्हणजे सगळे वेगवेगळ्या वेळी थांबतात, तिथे खट्ट असा आवाज होतो आणि पंडितजी तानेच्या ऐन मध्यावर प्रकट होतात. पाहुण्यांना मी ही कॅसेट ऐकवायचो तेव्हा आमच्या गाण्यात सगळे शांत बसायचे. मला वाटायचं, तल्लीन झाले. ते खट्टची वाट बघत होते.

एकदा पैसे जमवून स्टुडिओतही गेलो. कुठल्या ते सांगत नाही. काचेपलीकडच्या गृहस्थाने अदबीने सांगितलं, "भाईसाहब, ड्रम ज़रा कम." मी रजई घातली. "ज़रा और." क्रॅश सिंबल काढली. मग टॉम. मग स्नेअरवर रुमाल. मग मला दरवाज्यापाशी सरकवण्यात आलं, नंतर दरवाज्याबाहेर, आणि शेवटी व्हरांड्यात बसून मी काडेपेटी वाजवली, त्यात काड्या होत्या त्यामुळे मराकसचाही भाग भरून निघाला. हे आमचं एकमेव रेकॉर्डिंग जे लोक पूर्ण ऐकतात.

आता भाच्याचा पराक्रम. त्याच्याकडे फितीची खरखर काढून टाकणारी संगणकप्रणाली आहे. खरखरीचा एक नमुना तिला द्यायचा, ती तसा सगळा आवाज शोधून पुसते. खरखर आणि पितळी सिंबल यांत तिला फरक करता आला नाही. सिंबल गेल्या. मग स्नेअरची साखळी गेली. मग त्याने उत्साहाने आणखी एकदा फिरवली आणि मीच गेलो. आता त्या फायलींत गायक आहे, गिटार आहे, कुकर आहे, आई आहे. "मामा, कसलं क्लीन झालंय!" तो म्हणाला. जपानी यंत्र, लखनौचा ध्वनिमुद्रक आणि पुण्याचा भाचा यांचं माझ्याबाबत एवढं एकमत झालं, तसं बँडमध्ये कधी कुणाचं झालं नाही.

सुदैवाने मूळ प्रत राहिली होती, आणि तिच्यावर त्याने लय मोजली. पडद्यावर रेघ आली: गाणं मिनिटाला ब्याण्णव ठोक्यांवर सुरू होतं आणि एकशे एकतीसवर संपतं. रेघ कुठेही खाली येत नाही, हे माझ्या हाताच्या स्थैर्याचं लक्षण आहे, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. माझं म्हणणं एवढंच. ज्या गावात भातखंड्यांनी शाळा काढली, तिथे ख्याल विलंबितात सुरू होतो आणि द्रुतात संपतो. कथ्थकवाली ठाय लयीत उभी राहते आणि चौपटीत संपवते. तेव्हा कुणी तबलजीला विचारत नाही, मागे कोण लागलं होतं म्हणून. एकाच लयीत साडेचार मिनिटं बसून राहणं ही इंग्रजांची सवय. आमच्या बँडमधले चौघे ती पाळत होते. लखनौची परंपरा एकट्या ड्रमरने सांभाळली, चार मिनिटांत विलंबित ते द्रुत. याला लय पळणं म्हणत नाहीत, घराणं म्हणतात. शिष्य मिळाला नाही, हा भाग वेगळा.

एक विनंती मात्र आहे. संतवाणीची ती कॅसेट आमच्या गणेशोत्सवातल्या कुणीतरी ऐकायला नेली आणि परत केली नाही. आता माझ्याकडे आहे ती तिची नक्कल, आणि नक्कल करणाऱ्याने खट्टच्या आधीच यंत्र बंद केलं. मूळ कॅसेट ज्यांच्याकडे असेल त्यांनी आमच्या गाण्यांवर काहीही भरलं असलं तरी माझी हरकत नाही. शेवटचा अभंग तेवढा पुसू नये. तो बाबांचा आहे. टपालखर्च मी देईन.